बोरदऱ्याच्या खडकावरचा बेडूक

बेडूक पहिल्यांदा दिसला तेव्हा पुंजाजी तायड्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि मग आपल्याला कोणी पाहत तर नाही ना म्हणून मागं वळून पाहिलं.

चिखलदऱ्याच्या घाटात एस.टी. पंक्चर झाली होती. कंडक्टर म्हणाला, दोन तास तरी लागतील. प्रवासी उतरून मक्याची कणसं खात उभे राहिले आणि पुंजाजी पाय मोकळे करायला बोरदऱ्याच्या कच्च्या रस्त्यानं बरंच आत गेले. तिथं डाव्या अंगाला एक काळा कातळ होता, दोन पुरुष उंचीचा, आणि त्याच्या अंगभर पाणी पाझरत होतं. धार नव्हती, नुसता ओलावा. शेवाळानं तो कातळ हिरवागार झाला होता, आणि त्या शेवाळात कुठंतरी कोणीतरी नखानं काडेपेटी वाजवावी तसं टिक-टिक, टिक-टिक चाललं होतं.

अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक. पाठ ओल्या दगडाच्या रंगाची, पोटाला फिकट पिवळेपणा, बोटांच्या टोकांना चपट्या टिकल्या. पण पुंजाजींच्या अंगावर काटा आला तो बेडकामुळं नव्हे, त्याच्या शेजारी जे होतं त्यामुळं. उभ्या कातळावर, पाण्याच्या पातळ थरात, लांब शेपटीची पिलं चिकटलेली होती. डबक्यात पोहणारी पिलं पुंजाजींनी जन्मभर पाहिली होती. ही भिंतीवर राहत होती. बोट जवळ नेलं की शेपटीचा झटका देऊन वीतभर बाजूला उडत होती.

अशी पिलं सह्याद्रीत असतात, हे त्यांनी वाचलं होतं. इकडं, सातपुड्याच्या या अंगाला, कोणी पाहिल्याचं कोणत्याच पुस्तकात नव्हतं. निदान त्यांनी वाचलेल्या पुस्तकांत नव्हतं. आणि आपण वाचून वाचून असं किती वाचलंय, हा प्रश्न त्यांना तिथल्या तिथं पडला.

पुंजाजी अचलपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्त होईपर्यंत तेहतीस वर्षं. बाटल्यांतलं फॉर्मलिन बदलायचं, मायक्रोस्कोप पुसून कपाटात ठेवायचे, प्रॅक्टिकलच्या सकाळी ट्रेमध्ये मेण ओतायचं आणि पोत्यातून आलेले बेडूक क्लोरोफॉर्मच्या बरणीत सोडायचे. पुढं चिरफाड बंद झाली, पण तोवर काही हजार बेडूक त्यांच्या हातून गेले होते. शिक्षण मॅट्रिक. तरी लायब्ररीतली बेडकांवरची जाड इंग्रजी पुस्तकं त्यांनी डिक्शनरी शेजारी ठेवून एकेक करून वाचली होती, मधल्या सुट्टीत, बाटल्यांच्या खोलीचं दार लोटून घेऊन.

एकदाच त्यांनी तोंड उघडलं होतं. एका बाटलीवरचं नाव चुकलंय असं वाटतं, असं ते विभागप्रमुखांना म्हणाले. सरांनी बाटली हातात घेतली, पोरांकडं पाहिलं आणि म्हणाले, "अरे वा! पुंजाजी, उद्यापासून लेक्चर तुम्ही घ्या. बाटल्या मी धुतो." वर्ग हसला. वर्षभर पोरं त्यांना 'डॉक्टर' म्हणत राहिली. नाव खरंच चुकलं होतं की नव्हतं, ते पुंजाजींना आजवर कळलेलं नाही. ती बाटली पुढं फुटली.

म्हणून या वेळी ते कोणाला काही बोलले नाहीत. आधी खात्री करायची, मग बोलायचं. त्यांना हवं होतं ते थोडंच होतं. एखाद्या जाणत्या माणसानं तो बेडूक जागच्या जागी, जिवंत पाहावा, 'हो, हा वेगळा आहे' म्हणावं, आणि कागदावर त्याची नोंद व्हावी. आपलं नाव नसलं तरी चालेल. पण हसं नको.

तीन पावसाळे ते बोरदऱ्याला जात राहिले. सकाळी परतवाड्याहून पहिली एस.टी., फाट्यावर उतरायचं, दोन किलोमीटर चालायचं, छत्री लावून कातळासमोरच्या दगडावर बसायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. मोबाइलवर आवाज टिपले. फोटो काढले. अंडी कातळाच्या भेगेत असतात आणि नर त्यांच्याजवळ बसून राहतो, हे दुसऱ्या वर्षी कळलं. सगळं दोनशे पानी वहीत लिहिलं, तारीख-वार घालून.

भागीरथाबाई, त्यांच्या पत्नी, डबा भरता भरता म्हणायच्या, "अवो, त्या डोंगरात काय पुरून ठेवलं तुमी? सोनं असन तर सांगा, मी बी येतो खोदाले."

"बेडूक आहे एक."

"बेडूक! तेहतीस साल मारले ते पुरले नाही का?"

"हा मारायचा नाही. पाहायचा आहे."

"पाहा बाप्पा. गुडघ्याले तेल लावून जा. मंग रातभर कण्हता."

बोरदऱ्यात त्यांना ओळखणारा एकच माणूस होता, योगेश. गावचा जलसुरक्षक. हातपंप, विहिरी, टाकी यांत औषध टाकायचं, पाण्याचे नमुने द्यायचे, हे त्याचं पंचायतीतलं काम. तिशीचा, काटक, प्लास्टिकच्या पोत्याची खोळ डोक्यावरून घेऊन रस्त्यानं जाता जाता थांबायचा. "काय पाहून राहिले सर?" पुंजाजी वही मिटून म्हणायचे, "काही नाही रे बावा, बसलो जरा." योगेश हसून पुढं जायचा. पुंजाजींना वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, हा गावात सांगेल, गाव बघायला येईल, कोणी पकडून नेईल. आणि मागून कळलं की हा साधाच बेडूक आहे, तर?

तिसऱ्या वर्षी, आषाढात, त्यांनी हिंमत करून प्रणालीला फोन लावला. प्रणाली त्यांच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, आता अमरावतीला शिकवत होती, बेडकांवरच डॉक्टरेट केलेली. तिनं कधी त्यांना 'डॉक्टर' म्हणून चिडवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"मॅडम, मी पुंजाजी. लॅबमधला."

"काका! अहो मॅडम काय म्हणता? बोला ना."

"काही नाही. समजा... समजा एखाद्याला एखादा वेगळा बेडूक सापडला, तर काय काय नोंदी असाव्या लागतात?"

"कोणाला सापडला?"

"समजा म्हणालो."

ती हसली, पण हसणं बरं होतं. तिनं यादी सांगितली. फोटो, आवाज, तारीख, जागेची उंची, हवेचं तापमान. "आणि जमलं तर पाण्याची तपासणी. क्षार किती, आम्ल किती. नसली तरी चालते म्हणा."

शेवटचं वाक्य पुंजाजींनी ऐकलं, पण वहीत लिहिलं नाही. वहीत लिहिलं, 'पाण्याची तपासणी.' बाकी सगळ्यासमोर टिक होती. एवढीच एक जागा कोरी राहिली, आणि कोरी जागा ठेवून जाणत्या माणसासमोर उभं राहणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा अनुप अमरावतीला पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत कंत्राटावर होता. पुंजाजी त्याच्या घरी गेले. अनुपनं चहा पाजला आणि एक उकळून बंद केलेली काचेची बाटली दिली.

"मामा, तुमी आन् पाणी तपासता? प्लॉट घेतला का कुठं?"

"नाही रे. एक झिरा आहे. त्यातलं पाणी कसं आहे, एवढंच पाहायचं."

"आणा. पण बर्फात ठेवून आणजा, आन् त्याच दिवशी."

त्यांनी तसंच आणलं. शेवाळाला धक्का न लावता, कातळाच्या खालच्या कडेला बाटली धरून पाऊण तासात ती भरली. थर्मासमध्ये बर्फ घालून दोन गाड्या बदलत अमरावती गाठली. अनुपनं त्यांच्यासमोर एक अर्ज सरकवला.

"एवढा भरा. कागद असल्याबिगर नंबर पडत नाही, आन् नंबर असल्याबिगर मशीनवर पाणी लावता येत नाही."

अर्जात रकाने होते. गाव. ग्रामपंचायत. तालुका. स्रोताचं नाव. स्रोताचं नेमकं ठिकाण. नमुना घेणाऱ्याचं नाव, फोन. पुंजाजींनी पेन हातात घेतलं आणि क्षणभर थांबले. तीन वर्षं ही जागा त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. पण तेहतीस वर्षं त्यांनी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि ज्या चिठ्ठीवर ठिकाण नाही ती बाटली मोरीत ओतून द्यायच्या लायकीची, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. रकाना रिकामा सोडणं म्हणजे नमुना वाया घालवणं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'बोरदरा. फाट्यापासून कच्च्या रस्त्याने दोन कि.मी., डाव्या बाजूस काळा कातळ, पाझर.' नमुना घेणारा, पुंजाजी तायडे.

"वापर कशासाठी?" त्यांनी विचारलं. शेवटच्या रकान्यापुढं एकच छापील शब्द होता.

"पिण्यासाठी. दुसरं काही छापलंच नाही." अनुपनं स्वतःच तिथं टिक केली. "नाहीतर मोठ्या सायबाचं पत्र लागते. कोण जाते त्याच्या मागं?"

दहा दिवसांनी अनुपचा फोन आला. "पाणी झकास हाय मामा. क्षार एकदम कमी. फक्त जंतू निघाले. जंगलातलं पाणी, माकडं-पाखरं बसतेत त्याच्यावर, निघनच." त्यानं आकडे सांगितले, पुंजाजींनी ते वहीत उतरवले. मग त्या ओळीसमोर टिक केली. त्या अहवालाच्या आणखी किती प्रती निघतात आणि त्या कुठं जातात, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. सुचावं असं त्यात काही दिसलंही नाही.

संध्याकाळी त्यांनी प्रणालीला फोन केला आणि या वेळी 'समजा' म्हणाले नाहीत. पलीकडं तिनं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काका, भिंतीवर पिलं? तुम्ही स्वतः पाहिली?"

"तीन वर्षं पाहतोय."

"तीन वर्षं!" ती ओरडलीच. "आत्ता परीक्षेची ड्यूटी आहे हो माझी. पुढच्या रविवारी येते. कोणाला सांगू नका, आणि तिथं कोणाला हात लावू देऊ नका."

त्या आठवड्यात भागीरथाबाईंनी पाहिलं की हा माणूस दाढी करताना गुणगुणतोय. "काय लगन ठरलं का तुमचं?" त्यांनी विचारलं. पुंजाजी लाजले.

रविवारी प्रणाली बडनेऱ्याहून, जिथं ती राहत होती, पहाटेच निघाली आणि परतवाड्याच्या स्टँडवर त्यांना भेटली. पाठीवर मोठी बॅग, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. गाडीत ती त्यांची वही वाचत होती. मधेच थांबून म्हणाली, "काका, हे अक्षर! आणि हे निरीक्षण, नर अंड्यांजवळ पाच दिवस हलला नाही, हे तुम्ही रोज येऊन पाहिलं?" पुंजाजी खिडकीबाहेर धुक्याकडं पाहत म्हणाले, "काम काही नसते मला." पण त्यांचे कान तापले होते. घाट चढेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात दोनदा ठरवलं की तिथं पोचल्यावर आपण मागं उभं राहायचं, आणि तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यायचं.

फाट्यापासून चालताना पाऊस बारीक होता. कातळ अजून वळणापलीकडं असताना वास आला. पुंजाजी थांबले. नळाला नवं पाणी सुटल्यावर येतो तसा, पण नाकात झोंबणारा.

"ब्लिचिंग," प्रणाली म्हणाली. "इथं कुठून?"

वळण घेतल्यावर त्यांना कातळ ओळखू आला नाही. तो काळा कुळकुळीत होता, धुतल्या तव्यासारखा. शेवाळ नावाला नव्हतं. तारेच्या ब्रशचे उभे-आडवे ओरखडे सगळीकडं उमटले होते, भेगांमध्ये पांढरी भुकटी गच्च भरली होती, आणि तिच्यावरून पाणी पूर्वीसारखंच पाझरत होतं, दुधाळ रेघा ओढत. पायथ्याशी सिमेंटचा छोटा ओटा केला होता. वर चुन्यानं लिहिलं होतं: 'पाणी शुद्ध केले', आणि खाली गुरुवारची तारीख.

काही वाजत नव्हतं. पावसाचा छत्रीवर पडणारा आवाज तेवढा.

प्रणाली पलीकडच्या टोकाला जाऊन गुडघ्यांवर बसली आणि बॅटरी लावून भेगांत पाहू लागली. पुंजाजी उभेच राहिले. रस्त्याच्या कडेला शेवाळाचा ढीग पडला होता, खरवडून फेकलेला, वाळत चाललेला. त्यांनी वाकून त्यात बोट घातलं. पिलं त्यातच असणार. ओल्या कागदासारखी पातळ असतात ती. सुकल्यावर ओळखू येत नाहीत.

"सर!" मागून हाक आली. योगेश होता, खोळ घेतलेला, तोंडभर हसत. "आले का? पाहा, कसा चकाचक करून टाकला तुमचा झिरा!"

"माझा?"

"तुमचंच नाव हाय ना कागदावर. नमुना घेणारा, पुंजाजी तायडे. पंचायतीत कागद आला, पिण्यास अयोग्य म्हणून. सरपंच म्हणे, हा झिरा तर आपल्या यादीतच नाही. मी म्हटलं, सर तीन साल झाले, पावसापाण्यात येऊन बसते तिथं, मोठ्या हापिसातले असतीन, उगाच कोणी नाव घालत नाही. लगेच हाती घेतलं. दोन माणसं, दोन दिवस." त्यानं हात पुढं केले. बोटांची कातडी सोलून निघाली होती. "पावडरनं गेली. पण एक ठिपका ठेवला नाही."

पुंजाजींनी त्या पांढऱ्या रेघांकडं बोट केलं. "हे पाणी... पिते कोण?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"कोणीच नाही पीत. पण गुरं राखणारे लेकरं घालतेत ना ओंजळ कधी." योगेशचं हसू गेलं. "माही लेक खुशी तशीच गेली, सर. दोन साल झाले. चार साल आठ महिन्यांची होती. उन्हाळ्यात गावातले चौदा जण पडले, ती उठली नाही. दवाखान्यात नेता नेताच. कोणतं पाणी पेली, अजून ठाऊक नाही. म्हणून मी आता सोडत नाही. पाणी दिसलं का पावडर."

तेवढ्यात प्रणाली उठली. तिच्या तळहातावर पांढऱ्या रुमालात काहीतरी होतं. पुंजाजींनी लांबूनच ओळखलं. पाठीचा रंग उडाला होता, पाय ताणलेले होते. एका भेगेतून तिनं अकरा काढले होते. एक अंड्यांच्या पुंजक्यावर पडलेला होता, आणि अंडी उकडल्यासारखी पांढरी झाली होती.

तिनं योगेशकडं पाहिलं. "हे तुम्ही केलंत?"

"हो ना मॅडम."

"कोणाला विचारून?"

"कोणाले विचारा लागते? कागद आला."

"जंगलातल्या कातळाला ब्लिचिंग पावडर! तारेच्या ब्रशनं! काही अक्कल आहे का पंचायतीला? असा बेडूक या डोंगरात कोणी पाहिला नव्हता. कदाचित जगात इथंच होता. नाव सांगा तुमचं. मी तक्रार करणार आहे. ज्यानं कागद काढला त्याची, आणि तुमचीही."

योगेशला काही उमगलं नाही. तो त्या रुमालाकडं पाहत राहिला, मग सोललेले हात खोळीखाली घेतले. आणि पुंजाजींकडं पाहिलं. सर सांगतील, असं त्या नजरेत होतं. सर शिकलेले आहेत, सर समजावून सांगतील.

पुंजाजींना कळत होतं की आपण गप्प राहिलो तर चालून जाईल. योगेश मघाशी काय बोलला ते प्रणालीनं ऐकलं नव्हतं. ती पंचायतीला धरेल, कार्यालयाला धरेल, या माणसाची नोकरीही जाईल कदाचित, आणि गाडीत परत जाताना ती आपलं सांत्वन करील. काका, तुम्ही तीन वर्षं जपलंत. जन्मभर गप्प राहिलेल्या माणसाला आणखी एकदा गप्प राहणं अवघड नव्हतं.

"मी केलं," ते म्हणाले.

"काय?"

"तो कागद माझ्या अर्जावरून निघाला. पाण्याची तपासणी तुम्ही म्हणाला होता. भाच्याकडं दिलं पाणी. अर्जात ठिकाण लिहिलं. पिण्याचं पाणी अशी टिक झाली, मी समोर बसलो होतो. याचा काही दोष नाही. यानं त्याचं काम केलं."

प्रणालीनं रुमाल मिटला. "मी म्हणाले होते, नसली तरी चालते," ती हळू म्हणाली.

"हो. ते ऐकलं होतं मी."

ती पाठ फिरवून बॅगेतून बाटल्या काढू लागली. तिचे खांदे हलत होते. योगेश अजून पुंजाजींसमोरच उभा होता.

"म्हणजे तुमी पाण्यासाठी येत नव्हते?"

"नाही."

"हे बेडकं पाहाले येत होते? तीन साल? ते टिक-टिक वाजत होतं, ते हेच का? आमी किडा समजत होतो."

"हेच."

"मंग बोलले काहून नाही?" त्याचा आवाज चढला. "मी दहा खेपा इचारलं, काय पाहून राहिले सर. तुमी म्हटलं, बसलो जरा."

"खात्री नव्हती मला."

"कायची खात्री?"

पुंजाजींनी छत्री उगाच दुसऱ्या हातात घेतली.

"एक बार म्हणाले असते, योगेश, इथं हात लावू नोको. मी कायले लावला असता? सरपंचाले म्हटलं असतं, सरचे बेडकं हायेत तिथं, राहू द्या. पीत तर कोणीच नव्हतं. दोन दिवस हात जाळले मी." तो थांबला. मग रुमालाकडं बोट करून, खालच्या आवाजात म्हणाला, "त्यात लहान बी होते का?"

"होते."

योगेशनं डोक्यावरची खोळ काढली आणि पावसात तसाच गावाकडं चालू लागला.

परतीच्या गाडीत प्रणाली खिडकीशी बसली. अकरा बेडूक तिच्या मांडीवरच्या बॅगेत स्पिरिटमध्ये होते. मेलेल्यांवरूनही अभ्यास करता येईल, नवा निघाला तर नावही देता येईल, असं तिनं सांगितलं. मग परतवाडा जवळ आल्यावर, त्यांच्याकडं न पाहता म्हणाली, "काका, पहिल्या वर्षीचा फोटो आहे ना वहीत चिकटवलेला, तो एकटा पाठवला असता तरी मी दुसऱ्या दिवशी आले असते. त्यातच सगळं दिसतंय."

ती लागेल असं बोलत नव्हती. खरं तेच सांगत होती. पुंजाजींनी मान हलवली.

घरी भागीरथाबाईंनी त्यांचं तोंड पाहिलं. ताट वाढलं. त्यांनी वरणात भात कालवला आणि तसाच ठेवून दिला. चौथ्या दिवशी योगेशचा फोन आला. नंबर त्यानं त्या कागदावरूनच घेतला होता.

"सर, या तुमी. मी गावात सांगतलं."

"काय सांगितलं?"

"भोंग्यावर सांगतलं. अंगठ्याएवढा बेडूक, बोटाले टिकल्या, भिंतीवर चिकटते, टिक-टिक बोलते. दिसला का मारू नोका, घेऊन या. कुठं ना कुठं असनच एखादा. तुमी वळखून सांगा फक्त."

पुंजाजी गेले. पंचायतीच्या ओट्यावर त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. गाव डबे, लोटे, दुधाच्या कॅन, औषधाच्या रिकाम्या बरण्या घेऊन येत होतं. कोणी नाल्यातला आणला, कोणी न्हाणीतला, कोणी दूध घालायला जाताना रस्त्यावर सापडलेला. एका बाईनं पदराच्या गाठीत आणला होता आणि गाठ सोडल्यावर तो उडून सरपंचाच्या वहीवर बसला, तेव्हा सगळे हसले. पुंजाजी एकेकाला तळहातावर घेत, उलटा करून पोट पाहत, बोटं पाहत. नाही. हाही नाही. हा शेतातला. हा भेक, खरबरीत पाठीचा. लोक नाराज होत नव्हते. बरं म्हणून जात आणि दुपारी दुसरा घेऊन येत. आम्हाला आधी सांगायचं होतं ना सर, असं एक-दोघं म्हणाले, सहज, खत संपलं तर आधी सांगायचं होतं म्हणावं तसं.

योगेशनं त्यांना आजूबाजूचे चार पाझर दाखवले. हातांना पट्ट्या बांधून तो पुढं चालायचा आणि प्रत्येक कातळापाशी थांबून तोंडाशी बोट न्यायचा. दोघं कान देऊन उभे राहायचे. तिथं शेवाळ होतं, पाणी होतं, पण आवाज नव्हता. तिसऱ्या ठिकाणी पुंजाजींनी ऐकल्यासारखं वाटून हात वर केला. थेंब होता, वाळल्या पानावर पडणारा.

असे ते नऊ वेळा गेले. भाद्रपदात पाऊस ओसरला. कातळ वरून सुकत आले. बेडूक आणणारे कमी झाले, मग लेकरंच उरली, मग तीही शाळेत गुंतली. शेवटच्या दिवशी ओट्यावर कोणी नव्हतं. पुंजाजी निघायला उठले तेवढ्यात सुभद्राबाई काठी टेकत आल्या. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. दुसऱ्या हातात पितळी लोटा, त्यावर फडकं बांधलेलं.

"थांब रे बापू. नाल्यावरून आणला. लय दमले. पाह्य बरं, हाच असन."

त्यांनी फडकं सोडलं. पुंजाजींनी लोट्यात पाहिलं. अंगठ्याएवढा होता. पाठ दगडासारखी. मग त्यांनी तो बोटावर घेतला, उजेडाकडं धरला. बोटांना टिकल्या नव्हत्या. साध्या भेकाचं पोर होतं, यंदाचंच. ते तळहातावर स्वस्थ बसलं होतं आणि त्याचा गळा भराभर वर-खाली होत होता.

म्हातारी त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. "हाच ना?"

पुंजाजींनी पुन्हा एकदा बोटं पाहिली.

"नाही माय," ते म्हणाले. "हा तो नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग याचं काय करू?"

"आणला तिथंच सोडून द्या," पुंजाजी म्हणाले, आणि मग लोटा स्वतःच घेऊन म्हातारीच्या मागं मागं नाल्याकडं चालू लागले.